जुन्या शॉकवर कॉइलओव्हर स्लीव्ह: मोजमापापासून शेवटच्या नटापर्यंत

कॉइलओव्हर स्लीव्ह म्हणजे बाहेरून आटे पाडलेली ॲल्युमिनियमची नळी. ती शॉकच्या, म्हणजे चाकाचे धक्के जिरवणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरच्या, अंगावरून सरकवायची, खाली टेकायला जागा द्यायची, वर-खाली फिरणारी कॉलर चढवायची, कॉलरवर सरळ अरुंद स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या डोक्यावर नवी टोपी. यातून दोन गोष्टी हाती येतात. कॉलर फिरवून गाडीची उंची ठरवता येते, आणि अडीच इंच, म्हणजे ६३.५ मिमी आतल्या व्यासाच्या स्प्रिंगा हव्या त्या लांबीच्या, हव्या त्या कडकपणाच्या मिळत असल्यामुळे पुढे स्प्रिंग बदलणं सोपं होतं.

जे मिळत नाही ते आधीच सांगतो. शॉकचा स्ट्रोक, म्हणजे त्याच्या दांड्याची आत-बाहेर होण्याची एकूण धाव, तेवढाच राहतो. पूर्ण कॉइलओव्हर संचात बहुतेक वेळा शॉकची बॉडीच आखूड केलेली असते, त्यामुळे गाडी खाली आणली तरी दांड्याला वर-खाली व्हायला जागा उरते. स्लीव्हमध्ये शॉक जुनाच. गाडी जितकी खाली येईल तितका दांडा आत जाऊन बसतो आणि दणका झेलायची जागा तेवढी कमी होते. स्लीव्ह बसवून गाडी उड्या मारते, आपटते अशा ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बहुतेकींचं मूळ हे गणित न केल्यात असतं. म्हणून या कामातला अर्धा वेळ आम्ही पाना हातात न घेता व्हर्नियर आणि वही घेऊन घालवला.

गाडी छोटी हॅचबॅक, इंजिन पुढे, चारही कोपऱ्यांना डबल विशबोन (चाक वर-खाली दोन आर्मनी धरणारी रचना). शॉक परफॉर्मन्स प्रकारचे: रिबाउंड (दबलेला शॉक परत लांब होतानाचा अडसर) कमी-जास्त करता येणारे आणि स्प्रिंगची खालची वाटी सर्क्लिपवर, म्हणजे खाचेत बसणाऱ्या तारेच्या कडीवर, टेकणारे. स्लीव्हसाठी असा शॉक सगळ्यात सोयीचा, कारण काही कापावं लागत नाही. चालकासकट पुढच्या प्रत्येक चाकावर ३४० किलो, मागच्या प्रत्येक चाकावर २२० किलो. त्यातून चाक, ब्रेक, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि आर्मचा अर्धा भाग असं स्प्रिंगच्या खालचं वजन वजा केलं (पुढे ३५, मागे ३० किलो) की स्प्रिंगवर खरं बसणारं वजन पुढे ३०५ आणि मागे १९० किलो निघतं.

खोलण्याआधी गाडी सपाट जमिनीवर उभी करून हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना मोजून ठेवली. जमिनीपासून मोजू नये. टायरची हवा आणि झीज त्या आकड्यात मिसळते आणि मग नंतर कशाशीच तुलना करता येत नाही.

मग मोशन रेशो. चाक ५० मिमी वर गेलं तर शॉक किती मिमी दबतो, याचं हे प्रमाण. त्यासाठी शॉक स्प्रिंगशिवाय गाडीवर लावायचा, अँटी-रोल बारची (वळणात गाडी कलू न देणारी, दोन्ही बाजूंना जोडणारी दांडी) लिंक सोडायची, खालच्या आर्मखाली जॅक लावून हब दहा-दहा मिमी वर न्यायचं आणि दर टप्प्याला शॉकच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर लिहायचं. इथे हब ५० मिमी वर गेल्यावर पुढचा शॉक ३५ मिमी दबला, म्हणजे ०.७. मागे ०.७५ आला. एकदा का हे जुळवून उभं केलं की त्याच वेळी चाक लावून पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन बघावं. टायर कुठे घासतो, ब्रेकची नळी कुठे ताणली जाते, एबीएसची वायर कुठे अडकते, सगळं स्प्रिंगचा जोर नसताना शांतपणे दिसतं. नंतर हे बघायला मिळत नाही.

स्प्रिंगचा कडकपणा तीन एककांत लिहिलेला सापडतो आणि त्यातच गोंधळ होतो. १ किलो प्रति मिमी म्हणजे ५६ पौंड प्रति इंच, आणि ९.८१ न्यूटन प्रति मिमी. पुढे आम्ही ४५० पौंडाची स्प्रिंग धरली, म्हणजे सुमारे ८ किलो प्रति मिमी. मागे ३५० पौंड, सव्वासहा किलोच्या आसपास. चाकाला जाणवणारा कडकपणा म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा गुणिले मोशन रेशोचा वर्ग. ०.७ चा वर्ग ०.४९, म्हणजे पुढची आठ किलोची स्प्रिंग चाकाला जेमतेम चार किलोची वाटते. नुसत्या स्प्रिंगच्या आकड्यावरून गाडी किती कडक होईल हे सांगता येत नाही ते यामुळेच. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (जिथे शॉकच चाकाला उभं धरतो) हा रेशो एकच्या जवळ असतो, तिथे हीच स्प्रिंग जवळपास दुप्पट कडक लागेल.

यातून कंपनाची वारंवारता काढली. पुढे १.८ हर्ट्‌झ, मागे २.१. रोजच्या गाडीत ती १ ते १.५ च्या दरम्यान असते, स्पोर्टी गाडीत २ च्या आसपास. मागचा आकडा पुढच्यापेक्षा थोडा जास्त ठेवला, कारण उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो आणि मग मागच्या. मागचं टोक जरा भरभर हललं तर दोन्ही टोकं लवकर एका तालात येतात आणि गाडी नाव हलल्यासारखी डुलत नाही. दोन्हींतला फरक दहा ते वीस टक्के ठीक.

आता स्प्रिंगची लांबी. स्लीव्हच्या कामात सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून पुढच्या कोपऱ्याचा हिशेब पूर्ण मांडतो.

पुढचा शॉक पूर्ण लांब असताना दांड्याचा उघडा भाग, म्हणजे बॉडीच्या तोंडापासून वरच्या टोपीच्या बुडापर्यंत, १४० मिमी. मूळ उंचीवर गाडी उभी असताना ९० मिमी उघडा. गाडी चाकाशी ३० मिमी खाली आणायची होती, ०.७ ने गुणलं की शॉकवर २१ मिमी. म्हणजे नव्या उंचीवर उघडा दांडा राहिला ६९ मिमी. मूळ बंप स्टॉप, म्हणजे शेवटचा दणका झेलायला दांड्यावर घातलेला गोळा, ६० मिमी लांब होता. तो तसाच ठेवला असता तर नऊ मिमी दबताच दांडा बंप स्टॉपवर टेकला असता. अशी गाडी स्प्रिंगवर चालतच नाही, फोमच्या गोळ्यावर चालते, आणि वळणात पुढचं टोक बंप स्टॉपला टेकलं की त्या चाकावर एकदम कडकपणा येऊन पकड सुटते. गाडी अचानक समोर सरकली तर लोक टायरला दोष देतात.

त्याजागी ३० मिमीचा मायक्रोसेल्युलर पॉलियुरेथेनचा बंप स्टॉप घेतला. साधं रबर नको. रबर बाजूला फुगतं आणि एका क्षणी भिंतीसारखं अडवतं. फोम हळूहळू कडक होत जातो आणि दबून एक तृतीयांश होतो. म्हणजे मोकळी जागा ३९ मिमी, आणि फोम पूर्ण दबेपर्यंत एकूण ५९ मिमी.

स्प्रिंग या ५९ मिमीला पुरली पाहिजे. तिचे वेढे एकमेकांना टेकायच्या आधी बंप स्टॉप पूर्ण दबला पाहिजे, नाहीतर लोखंडाला लोखंड भिडून सगळा दणका टोपीतून थेट बॉडीच्या पत्र्यात जातो. उभ्या गाडीत स्प्रिंग किती दबलेली असते? ३०५ भागिले ०.७, भागिले ८, साधारण ५४ मिमी. सात इंची, १७८ मिमीची स्प्रिंग घेतली तर उभ्या गाडीत ती १२४ मिमी होते. तिची पूर्ण दबलेली लांबी ७५ मिमी होती. उरले ४९. लागतात ५९. सात इंची बाद. आठ इंची, २०३ मिमीच्या स्प्रिंगची पूर्ण दबलेली लांबी ८५; २०३ वजा ५४ वजा ८५, उरले ६४. पाच मिमीची जागा शिल्लक. हीच घेतली. पूर्ण दबलेली लांबी उत्पादक देतो, तो आकडा अंदाजाने धरू नये. एकाच कडकपणाच्या आणि लांबीच्या दोन कंपन्यांच्या स्प्रिंगांत तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या वेगळी असते.

आता उलट दिशा. चाक हवेत लटकलं की दांडा ६९ पासून १४० पर्यंत, म्हणजे ७१ मिमी बाहेर येतो. स्प्रिंग मात्र ५४ मिमीच उलगडू शकते. म्हणजे १७ मिमी सैल. जॅकवर घेतली की स्प्रिंग वाटीवर खुळखुळते, आणि रस्त्यावर एखादं चाक खोलगट भागात उतरलं की स्प्रिंग जागेवरून हलून परत आपटते, कधी वाकडी बसते. इथे मुख्य स्प्रिंगखाली चपट्या तारेची हेल्पर स्प्रिंग घातली, मध्ये दोन्हींना जोडणारी प्लास्टिकची चकती. हेल्पर गाडीच्या वजनाखाली पूर्ण दबलेली असते, तिचा कडकपणा हिशेबात येत नाही. तिचं काम फक्त ते १७ मिमी भरून काढण्याचं. दबलेली हेल्पर आणि चकती मिळून १६ मिमी जागा खातात, तेवढी कॉलर खाली धरावी लागते. मागे ही फट ३७ मिमी निघाली, कारण मागे वजन कमी आणि स्प्रिंग फक्त ४० मिमी दबते. तिथे लांब हेल्पर लागली. मागे मात्र सात इंची मुख्य स्प्रिंग पुरली.

कॉलर खाली फिरवून स्प्रिंग जास्त सैल सोडली तर गाडी खाली जाते. वर फिरवली तर वर येते. कडकपणा दोन्हीकडे तोच. कॉलर आवळून स्प्रिंग कडक होते हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. सरळ स्प्रिंग ८ किलोची ती ८ किलोचीच. शॉक पूर्ण लांब होऊन अडला असेल आणि त्यावर आणखी आवळलं, तरच सुरुवातीचा ताण वाढतो, आणि मग चाक खाली लटकायलाच तयार होत नाही.

स्प्रिंग कडक झाली की तिला परत उसळू न देणारं रिबाउंड डॅम्पिंगही वाढावं लागतं, पण दुप्पट नाही. डॅम्पिंगची गरज कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. मूळ स्प्रिंग ४ किलोची, नवी ८ ची, म्हणून डॅम्पिंग १.४ पट. जे शॉक मूळ स्प्रिंगपुरतेच बनवलेले असतात ते इथे कमी पडतात, आणि त्यांच्यावर स्लीव्ह चढवायचा आग्रह धरू नये. कोनी स्पोर्टसारख्या शॉकमध्ये रिबाउंड वाढवायची सोय असते म्हणून ते या कामाला चालतात. तिथेही एक खुबी आहे. काही शॉकची सेटिंग दांड्याच्या टोकावरच्या खुंटीने होते, गाडीवर असतानाही. काहींची मात्र शॉक बाहेर काढून, बंप स्टॉप काढून, दांडा पूर्ण आत दाबून आतल्या खाचेत अडकवून फिरवावी लागते. दुसऱ्या प्रकारचा शॉक असेल तर स्प्रिंग चढवण्याआधीच सेटिंग करून घ्यायची, नाहीतर सगळं पुन्हा खोलावं लागतं. दोन्ही बाजू आधी पूर्ण मऊ टोकाला आणायच्या, मग तिथून फेऱ्या मोजायच्या. रिबाउंड गरजेपेक्षा कडक ठेवलं तर लागोपाठच्या खडबडीत चाक परत खाली यायला वेळच मिळत नाही आणि गाडी हळूहळू खाली ओढली जाते. लोकांना वाटतं स्प्रिंग मऊ पडली.

खोलणं तसं नेहमीचं. मूळ स्प्रिंग ताणाखाली असते, म्हणून ती चांगल्या स्प्रिंग कॉम्प्रेसरनेच दाबायची, दोन्ही हुक समोरासमोर, आणि तोंड त्या रेषेत कधीच आणायचं नाही. वरचा नट एअर गनने सोडू नये. दांडा आत गरागरा फिरतो आणि सील व आतली यंत्रणा खराब होते. दांड्याच्या टोकाला ॲलन कीची खाच किंवा चपट्या कडा असतात, त्या धरून पाना चालवायचा. दांड्याच्या क्रोमवर पक्कड तर लावूच नये. एक ओरखडा पुढे सील फाडतो.

स्लीव्ह बसवण्याआधी सर्क्लिप नीट बघितली. शॉकच्या अंगावर गोल तळाची खाच असते आणि त्यात गोल तारेची सर्क्लिप बसते. वाटीच्या खालच्या बाजूला आतून एक पायरी असते. वाटी वरून येऊन सर्क्लिपवर बसली की ही पायरी सर्क्लिपला बाहेरून वेढते, मग तिला पसरायला जागाच राहत नाही. वाटी उलटी बसवली तर सर्क्लिपभोवती मोकळी जागा राहते, भार आला की ती पसरते, खाचेतून निसटते आणि स्प्रिंग, स्लीव्ह सगळं खाली घसरून आर्मवर किंवा टायरवर येतं. बाहेरून बघितलं तर सुलटी आणि उलटी वाटी सारखीच दिसते. म्हणून बोट आत घालून पायरी चाचपून बघायची. चपट्या तारेची सर्क्लिप गोल खाचेत लावू नये, ती पूर्ण बसत नाही. खाचा एकापेक्षा जास्त असतात. आम्ही सगळ्यात खालची घेतली, कारण उंची आता कॉलर देणार होती.

शॉकच्या अंगावरचा रंग खरवडायचा नाही. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम कुजतं, पांढरी भुकटी धरते आणि स्लीव्ह कायमची चिकटते. रंगाचा थर हाच मधला पडदा. जिथे रंग उडाला होता तिथे रंगाचा हात मारला, वाळू दिला, आणि वर मेणासारख्या गंजरोधकाचा पातळ थर दिला.

स्लीव्हचा आतला व्यास शॉकच्या बाहेरच्या व्यासापेक्षा थोडा मोठा असतो. तो फरक ओ-रिंगनी भरतात, एक खालच्या टोकाजवळ, एक वरच्या. पुढच्या स्लीव्हमध्ये हाताने हलवल्यावर अर्ध्या मिमीपेक्षा जास्त खेळ जाणवला, म्हणून जरा जाड ओ-रिंग घातल्या. सरकवताना साबणाचं पाणी पुरतं. इथे इन्सुलेशन टेप गुंडाळायची पद्धत सर्रास आहे, पण टेपचा डिंक उष्णतेने पातळ होतो, थर सरकतात आणि महिन्याभरात स्लीव्ह अंगावर टकटक करू लागते. स्लीव्हचं बूड वाटीवर पूर्ण गोलाकार टेकलंय का हे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फिरवून बघितलं. एका बाजूने ०.१ मिमीचीही फट असली तर भार एका कडेवर येतो.

आटे कोरड्या ब्रशने साफ केले. कॉलर हाताने पूर्ण खालपर्यंत आणि पूर्ण वरपर्यंत फिरली पाहिजे, कुठेही अडली तर आट्यात कण आहे. जोर लावला की ॲल्युमिनियमचा आटा सोलून निघतो. कॉलर धरून ठेवायला ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) असेल तर त्याचं टोक नायलॉनचं किंवा पितळेचं असावं. नुसतं पोलादी टोक आट्याचा माथा चेपतं आणि मग ती कॉलर त्या जागेवरून पुढे जात नाही. स्क्रू बोटाच्या जोरापेक्षा थोडा जास्त, बस. भार स्क्रूने नाही, आट्याने पेलायचा असतो.

वरच्या टोपीवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा. दांड्याच्या टोकाकडे एक पायरी असते; पायरीच्या खाली दांडा जाड, वर आट्याचा भाग बारीक. पायरीवर आधी जाड वॉशर, त्याखाली बंप स्टॉप, वॉशरच्या वर टोपी, मग रबर माउंट, माउंटच्या मध्ये पोलादी नळीचा तुकडा, वरचा वॉशर आणि नट. तो नळीचा तुकडा मूळ गाडीत माउंटच्या रबरात अडकून निघतो आणि खोलताना कचऱ्यात जातो. तो नसेल तर नट आवळताना काहीही टणक सापडत नाही. नट रबर चेपत राहतो. किती आवळला तरी घट्ट वाटत नाही, किंवा खूप आवळला तर रबर फाटतं, आणि दोन्ही वेळा छोट्या खड्ड्यावर खट-खट आवाज येतो. नट आवळल्यावर वॉशर-नळी-टोपी-वॉशर-पायरी अशी टणकाला टणक भिडलेली रांग झाली पाहिजे. आम्ही ही रांग आधी स्प्रिंगशिवाय जुळवून, नट टेकवून, वरचा वॉशर हाताने फिरतो का ते बघितलं. फिरला नाही, म्हणजे रांग भिडली. टोपीचं भोकही दांड्याच्या आट्याच्या भागाला नेमकं बसावं. दोन मिमी मोठं असेल तर टोपी मध्यावर राहत नाही आणि स्प्रिंग तिरकी होऊन स्लीव्हच्या आट्यांना घासते.

मुख्य स्प्रिंगची दोन्ही टोकं घासून सपाट केलेली होती, ती पूर्ण बुडाने टेकतात. स्प्रिंग दबताना स्वतःभोवती किंचित वळते. तिला फिरायला वाव मिळावा म्हणून टोपीखाली पातळ नायलॉनची चकती ठेवली. सुई-बेअरिंग घातली तर आणखी चांगलं, फक्त तिची जाडी उंचीत धरायची. इतकी आखूड स्प्रिंग बसवायला कॉम्प्रेसर लागत नाही. वरचा नट नवा नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) घेतला. पोकळ दांड्याचा आटा कमकुवत असतो, म्हणून टॉर्क पान्यानेच, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत.

गाडीवर चढवताना एक गोष्ट हमखास चुकते. खालच्या बोल्टमधले आणि आर्मचे रबर बुश गाडी हवेत असताना आवळले, तर चाक लटकलेल्या अवस्थेतच रबर पकडलं जातं. गाडी खाली ठेवली की ते कायमचं पिळलेलं राहतं, स्प्रिंगसारखा जोर लावतं, उंची चुकीची दाखवतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून बोल्ट नुसते टेकवले, गाडी रॅम्पवर चाकांवर उतरवली, आणि तिथे आवळले. पुढे कॉलरने उंची वीसेक मिमी बदलली तर हे बोल्ट पुन्हा सैल करून पुन्हा आवळायचे.

कॉलरच्या आट्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) २ मिमी. कॉलरची एक फेरी म्हणजे शॉकवर २ मिमी, पुढच्या चाकाशी २.८६, मागच्या चाकाशी २.६७. सुरुवातीची जागा कागदावर काढली होती: उभ्या गाडीत टोपीच्या बुडापासून कॉलरपर्यंत १४९ अधिक १६, म्हणजे १६५ मिमी. त्यातून उघडा दांडा ६९ वजा, म्हणजे कॉलर बॉडीच्या तोंडापासून ९६ मिमी खाली. तिथेच खूण करून सुरुवात केली आणि जमिनीवर ठेवल्यावर उंची हवी त्यापेक्षा ४ मिमी जास्त निघाली. दीड फेरी खाली. कॉलर फिरवण्याआधी गाडी जॅकवर घेऊन स्प्रिंगचा भार काढायचा. भाराखाली सी-पान्याने ओढलं तर आटे खरवडतात.

जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नये. टायर आतल्या बाजूला ओढले गेलेले असतात आणि गाडी खोटी उंच दिसते. चार-पाच मीटर पुढे-मागे ढकलायची, बॉनेटवर दोनदा दाबायचं, मगच मोजायचं.

चारही फेंडर सारख्या उंचीवर आणले म्हणजे वजन सारखं वाटलं गेलं असं नाही. वजनकाटे मिळत असतील तर चालकाच्या जागी तेवढंच वजन ठेवून, अँटी-रोल बारच्या लिंक सोडून, पुढचं डावं आणि मागचं उजवं यांची बेरीज एकूण वजनाच्या पन्नास टक्के आणायची. एक कोपरा वर केला की त्या कोपऱ्यावर आणि त्याच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यावर वजन वाढतं. त्यामुळे एका तिरक्या जोडीला पाव फेरी वर आणि दुसरीला पाव फेरी खाली असं केलं तर उंची जवळपास तीच राहून वजन सरकतं. लिंक परत लावताना बारमध्ये ताण नसावा, बोल्ट हाताने आत जायला हवा.

स्ट्रटच्या गाडीबद्दल थोडक्यात. तिथे खालची वाटी बहुधा वेल्ड केलेली असते आणि स्लीव्हसाठी ती कापावी लागते. आत सुटं इन्सर्ट (काढता-घालता येणारा शॉक) असलेला स्ट्रट असेल तर इन्सर्ट आणि तेल बाहेर काढून मगच ग्राइंडर किंवा वेल्डिंग. वायूचा दाब असलेल्या सीलबंद शॉकला उष्णता कधीच द्यायची नाही, तो फुटतो. स्टिअरिंगबरोबर स्प्रिंगही फिरते, म्हणून वर बेअरिंग नसलं तर स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग पिळत जाते आणि टण्ण आवाज करत सुटते. अडीच इंची स्प्रिंग अरुंद असल्यामुळे टायरला जागा वाढते खरी, पण कॉलर खूप खाली गेली तर ती टायरच्या माथ्याशी येते. तिथे किमान ५ मिमी फट हवी.

पहिल्या फेरीआधी प्रत्येक दांड्यावर एक बारीक केबल टाय घट्टसर बांधला आणि बॉडीच्या तोंडाशी सरकवून ठेवला. चालवून आल्यावर तो दांड्यावर वर सरकलेला दिसतो, आणि तोंडापासूनच्या त्याच्या अंतरावरून दांडा किती आत गेला होता ते कळतं. पुढे उभ्या उंचीपासून सगळ्यात मोठा दणका ४६ मिमीचा निघाला, म्हणजे बंप स्टॉपच्या मोकळ्या ३९ मिमीच्या पलीकडे सात मिमी फोम दबला, आणि पूर्ण दबायला अजून तेरा मिमी बाकी. हेच हवं होतं. तो आकडा ५९ च्या जवळ निघाला असता तर गाडी पाच-सात मिमी वर घेतली असती.

आवाजावरून दोष ओळखायचा तर असं: छोट्या खडबडीत सतत खट-खट असेल तर वरचा नट, नळीचा तुकडा किंवा स्लीव्हचा खेळ. गतिरोधकावरून उतरताना एकच ढप्प असेल तर स्प्रिंग सैल होऊन परत बसते आहे, किंवा शॉक पूर्ण लांब होऊन अडतो आहे. दोन्ही बाजूंचा केबल टाय एकाच उंचीवर असताना एका बाजूलाच आवाज असेल तर स्प्रिंग नाही, जोडणी बघावी.

दीडशे किलोमीटरनंतर सगळं पुन्हा तपासलं. स्प्रिंग आणि ओ-रिंग बसल्यामुळे पुढची उंची ३ मिमी उतरली होती; तेवढी कॉलर वर घेतली. व्हील अलाइनमेंट यानंतरच करायचं. उंची बदलली की टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं) आणि कँबर (चाकाचा उभा कल) दोन्ही हलतात, आणि टो चुकलेला राहिला तर टायरची आतली कड फार लवकर संपते. हेडलाइटचा झोत खाली-वर झाला असेल तो जुळवायचा. मागच्या सस्पेन्शनला जोडलेला ब्रेकचा भारमापक व्हॉल्व्ह ज्या गाडीत असतो, तिथे त्याची काडीही जुळवून घ्यायची. गाडी खाली आली की व्हॉल्व्हला वाटतं मागे सामान भरलंय, तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो आणि जोरात ब्रेक लावल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात.

कॉलरची शेवटची जागा, बॉडीच्या तोंडापासून मिमीमध्ये, चारही कोपऱ्यांची लिहून ठेवली. वरचे नट टॉर्क पान्याने पुन्हा बघितले. चारपैकी एक पाव फेरी फिरला. तिथे नटाखालच्या टणक रांगेत रंगाचा जाड थर होता, तो दबून गेला होता. खरवडून, नवा नायलॉक लावून, पुन्हा मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत आवळला आणि नटापासून दांड्यापर्यंत पांढऱ्या पेनाने रेघ ओढली, म्हणजे पुढच्या वेळी बॉनेट उघडताच तो हलला की नाही हे पाना न लावता दिसेल.